रंगमंचावरील दिवे : चढविण्याची आणि उतरविण्याची रीत

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासविषयक लेखाची मागणी केली होती. मी लिहीत आहे दिव्यांविषयी. माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या वर्गणीतून विद्यालयाच्या सभागृहात रंगमंच उभा राहिला, त्यावर दिव्यांसाठी लोखंडी नळ टांगले गेले, आणि तेव्हापासून दर स्नेहसंमेलनाला, दर जयंतीला, सावित्रीमाईंच्या ३ जानेवारीच्या कार्यक्रमाला कित्येक किलो लोखंड आणि काच मुलांच्या डोक्यावर लोंबत असते. ते वर कसे जाते, खाली कसे येते आणि त्या वेळी कोणी कोठे उभे राहावे, हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला वाटते. लेखात इतिहासही येईल, पण ओघाने.

आपल्या चळवळीचा रंगमंच मुळात उघड्यावरचा. सत्यशोधक जलसे आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे गावकुसाबाहेरच्या मोकळ्या जागेत, चार बांबूंच्या आडोशाने होत. उजेड असे तो मशालीचा, टेंभ्याचा किंवा पंप मारून पेटविलेल्या गॅसबत्तीचा. बत्ती बांबूला किंवा झाडाच्या फांदीला दोराने टांगायची, हवा उतरली की खाली घ्यायची, पंप मारायचा आणि पुन्हा वर चढवायची. म्हणजे दिवा वर-खाली करण्याचे काम आपल्याकडे विजेच्या आधीपासून चालत आले आहे. जलशातील शाहिराचे नाव कागदोपत्री सापडते. रात्रभर बत्तीजवळ बसून राहणाऱ्याचे सापडत नाही. रॉकेलने भरलेली तापलेली बत्ती गर्दीच्या डोक्यावरून उतरविणारा तो माणूस कोण होता, त्याचे हात किती वेळा भाजले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

शहापूर-मुरबाडच्या बाबतीत या उजेडाची एक विचित्र कथा आहे. कल्याणपासून कसाऱ्याकडे आणि पुढे इगतपुरीकडे जाणारा लोहमार्ग १९३० च्या सुमारास विजेवर चालू लागला. आसनगाव-आटगावच्या शिवारावरून विजेच्या तारा धावू लागल्या. तानसाचे पाणी तर त्याच्याही आधीपासून, १८९२ पासून, मुंबईच्या नळांना मिळत होते. पण त्याच तारांखालच्या आणि त्याच धरणाजवळच्या वाड्या-पाड्यांत पुढे कित्येक दशके कार्यक्रम व्हायचे ते गॅसबत्तीवरच. वीज आली ती उशिरा, आणि आजही ऐन कार्यक्रमाच्या वेळी ती जाणार नाही याची खात्री नाही. या खोळंब्याचा सुरक्षिततेशी संबंध आहे. त्याकडे पुढे येतो.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू.

रंगमंचावर दिवा लावण्याच्या रीती दोन. एक, नळ छताजवळ कायमचा पक्का असतो आणि माणूस शिडी किंवा घोडा घेऊन दिव्यापर्यंत चढतो. दुसरी, नळ दोरांवर किंवा वायर रोपवर टांगलेला असतो, तो कंबरेइतक्या उंचीवर खाली येतो, दिवे जमिनीवर उभे राहूनच बसविले जातात, आणि मग नळ वर जातो. नाट्यगृहातील कामगार या नळाला ‘बार’ म्हणतात. आपणही तेच म्हणू. पहिल्या रीतीत माणूस पडण्याची भीती, दुसरीत वजन पडण्याची. शाळेसाठी दुसरी रीत बरी असे माझे मत आहे, कारण माणसाचा तोल प्रत्येक वेळी नव्याने सांभाळावा लागतो, तर टांगलेल्या वजनाची व्यवस्था एकदा नीट केली, तपासत राहिले, की ती पुष्कळ अंशी आपल्या हाती राहते. मात्र ‘नीट केली’ या दोन शब्दांत बरेच काही सामावले आहे.

प्रथम वजनाचा हिशेब पाहा. दीड इंची मध्यम जाडीचा लोखंडी नळ मीटरला साधारण साडेतीन किलोहून थोडा अधिक भरतो. सहा मीटरचा नळ म्हणजे सुमारे २२ किलो. त्यावर आठ पार कॅन, प्रत्येकी हुकासह ४ किलो धरला तर ३२ किलो. केबल, जोड, रंगीत कागदाच्या चौकटी मिळून आणखी दहा. एकूण ६५ किलोच्या आसपास. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. म्हणजे आपण एका पोत्याहून अधिक ओझे मुलांच्या डोक्यावर टांगतो. यातील एखादा चार किलोचा दिवा पाच मीटरवरून सुटला, तर तो एका सेकंदात खाली पोचतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटर असतो. ‘अरे, बाजूला हो’ हे तीन शब्द उच्चारून होईपर्यंत सर्व संपलेले असते. नववीच्या मुलांना गुरुत्वाकर्षणाचे गणित शिकविताना हे उदाहरण घेण्याची मी आमच्या विज्ञान शिक्षकांना विनंती केली आहे. पुस्तकातील चेंडूपेक्षा ते अधिक लक्षात राहते.

यापुढची गोष्ट पुष्कळांना पटत नाही. विहिरीवरच्या रहाटाप्रमाणे छताला एक कप्पी बांधली, दोर तिच्यावरून घेतला आणि खालून ओढला, तर छताच्या हुकावर किती भार येतो? बहुतेक जण म्हणतील, ६५ किलो. तसे नाही. एका बाजूने बार ६५ किलोने खाली ओढतो, दुसऱ्या बाजूने तो सावरण्यासाठी आपणही ६५ किलोने खालीच ओढत असतो. हुकावर भार येतो १३० किलोचा. स्थिर कप्पीने श्रम कमी होत नाहीत, केवळ ओढण्याची दिशा बदलते. आणि त्या सोयीची किंमत छत मोजते. त्यातही दोर झटक्याने ओढला किंवा सोडला तर क्षणभर भार याहूनही वाढतो. म्हणून ‘गेल्या वर्षी एवढेच दिवे होते, काही झाले नाही’ हा युक्तिवाद निरुपयोगी आहे. गेल्या वर्षी हळू ओढले असेल.

आपल्या भागातील शाळांची सभागृहे बहुधा पत्र्याची. पत्र्याखाली आडव्या पर्लिन असतात आणि पर्लिनखाली लोखंडी कैच्या. पर्लिन पत्र्याचे वजन आणि वारा सोसण्यापुरती केलेली असते. तिला दिव्यांचा बार टांगणे म्हणजे दारूबंदीच्या शिपायाकडून पोलीस ठाण्याचा कारभार करवून घेण्यासारखे आहे. टांगायचे ते कैचीला, आणि कैचीलाही जेथे तिचे उभे-आडवे-तिरके लोखंड एकत्र येते त्या सांध्यापाशी. सांध्यांच्या मधोमध भार दिला तर खालचे लोखंड वाकते. कोणत्या कैचीवर किती भार चालेल हे स्थापत्य अभियंत्याकडून लिहून घ्यावे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत. वर्गणीच्या पावतीइतकेच हे कागदही मोलाचे आहेत.

बारची दोन टोके दोन माणसांनी दोन वेगळ्या दोरांनी ओढणे ही ग्रामीण रंगमंचावरची सर्वांत रूढ आणि सर्वांत वाईट पद्धत. एकाचा हात जलद, दुसऱ्याचा संथ. बार तिरका होतो, दिवे एका बाजूला घसरतात, घसरल्यामुळे तेथे वजन वाढते आणि त्या बाजूच्या माणसाच्या हातातून दोर निसटतो. त्याऐवजी दोन्ही वायर रोप छताजवळून एकाच बाजूला आणावेत, तेथे दोन खाचांच्या कप्पीवरून खाली घेऊन एकाच विंचेवर गुंडाळावेत. मग एक माणूस विंच फिरवितो आणि दोन्ही टोके सारखीच चालतात. या कोपऱ्यातील कप्पीवर दोन्ही वायरींचा ताण येतो, आणि तो आडवा आणि उभा असा दोन दिशांनी. कर्णाचे सूत्र लावले तर ६५ किलोच्या बारसाठी ९२ किलो भरतो. ही कप्पी केवळ वीटकामात ठोकलेल्या खिळ्यावर बसवू नये, हे सांगायला अभियंता लागत नाही.

विंच निवडताना एक गोष्ट पाहावी. नावा आणि वाहने ओढण्यासाठीच्या काही विंचांत दाते आणि खटका असतो. खटका उचलला की सारे वजन एकदम मुठीवर येते आणि मूठ गरगर उलटी फिरते. मनगट, बोटे, दात, जे आड येईल ते मोडते. वर्म गिअरच्या विंचेत मूठ सोडली तरी बार आहे तेथे थांबतो. ती सावकाश चालते, मुलांना कंटाळवाणी वाटते, आणि म्हणूनच ती घ्यावी. बार अगदी खाली आलेला असतानाही ड्रमवर वायरीचे निदान तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. शेवटचा वेढा सुटला तर वायर केवळ एका स्क्रूच्या भरवशावर असते.

मोठ्या नाट्यगृहांत, उदाहरणार्थ १९७८ मध्ये सुरू झालेल्या ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, आपल्या मुलांना कार्यक्रमासाठी नेण्याचा योग येतो. अशा काही मोठ्या रंगमंचांवर जगभर प्रतिभाराची पद्धत वापरतात : बारच्या वजनाइतकी लोखंडी वजने दुसऱ्या बाजूला चढवितात आणि मग एका हातानेही बार हलतो. तेथे क्रमाला फार महत्त्व आहे. चढविताना आधी दिवे, मग वजने. उतरविताना आधी वजने, मग दिवे. सूत्र इतकेच की, जी बाजू जड ती खाली असावी. बार खाली आहे म्हणून कोणी उत्साहाने आधी दिवे काढून घेतले, तर पलीकडची वजने छताजवळ जड होऊन बसतात, आणि ती खाली कोसळताना रिकामा बार बाणासारखा वर जातो. पाहुणे म्हणून गेलेल्या शाळेने तेथील कोणत्याही दोराला हात लावू नये. तेथल्या माणसाला सांगावे आणि बाजूला उभे राहावे.

दोराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे दोर म्हणजे दोर, असा समज आहे. काथ्याचा सुंभ पावसाळी हवेत आतून कुजतो आणि वरून चांगला दिसतो. बाजारात मिळणारा निळा-हिरवा प्लॅस्टिकचा दोर उन्हाने ठिसूळ होतो आणि १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. हॅलोजन दिव्याचे अंग याहून अधिक तापू शकते. नायलॉन मजबूत असतो, पण ताणाखाली लांबतो, त्यामुळे बार एका पातळीवर राहत नाही. शिवाय कोणत्याही दोराला गाठ मारली की तिची ताकद बरीच घटते, काही गाठींनी निम्म्यापर्यंत. म्हणून बार कायम टांगण्यासाठी वायर रोपच हवा, आणि त्याची तुटण्याची क्षमता प्रत्यक्ष भाराच्या निदान दहापट असावी. वायरीच्या टोकाला फास करून यू-क्लॅम्प लावतात. ते निदान तीन असावेत. क्लॅम्पची बसकी, म्हणजे खाचांची बाजू, भार घेणाऱ्या लांब वायरीवर बसली पाहिजे आणि यूची वाकलेली कमान सुट्या, आखूड टोकावर. उलटे लावले तर कमान भाराच्या वायरीलाच चिरडते. पहिल्यांदा वजन दिल्यानंतर वायर किंचित बारीक होते, म्हणून नट पुन्हा आवळावे लागतात. हे दुसऱ्यांदा आवळणे बहुतेक ठिकाणी राहून जाते, कारण तोपर्यंत मंडपवाला बिल घेऊन गेलेला असतो.

प्रत्येक दिवा बारला हुकाने आणि पान्याने आवळलेल्या बोल्टने धरलेला असतो. त्याच्या जोडीला एक सुटी साखळी किंवा वायर हवी : दिव्याच्या कमानीतून घेऊन बारभोवती फिरविलेली, आणि ढिली न सोडता आखूड ठेवलेली. बोल्ट सुटला तर दिवा वीतभर घसरून साखळीत अडकेल. साखळी हातभर लांब असेल तर झटक्याने तीही तुटू शकते. तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांत सुतळीने बांधलेले दिवे मी इतक्या वेळा पाहिले आहेत की, कोणत्याही सभागृहात शिरलो की प्रथम माझी मान वर जाते. आता ती सवयच झाली आहे.

समोरून प्रकाश टाकणारा बार हा सर्वांत काळजीचा. कलाकाराच्या चेहऱ्यावर ४५ अंशांतून उजेड पडला तर चेहरा स्वाभाविक दिसतो. बार रंगमंचाच्या पातळीपासून साडेचार मीटर उंच आणि चेहरा दीड मीटरवर असेल, तर उंचीतील फरक तीन मीटर. ४५ अंशांचा टॅन एक, म्हणून बार कलाकाराच्या तीन मीटर पुढे हवा. दहावीच्या मुलाला हे तोंडी येते. पण मुले रंगमंचाच्या कडेजवळ उभी असतील तर तीन मीटर पुढे काय असते? सतरंजी. आणि सतरंजीवर पहिल्या ओळीत बालवाडी आणि पहिली-दुसरीची लेकरे बसलेली असतात, कारण लहानांना पुढे बसवायचे ही आपली पद्धत. आपल्या सभागृहात या बारखालचा दीड मीटरचा पट्टा रिकामा ठेवून तेथे जाण्यायेण्याची वाट करावी, असा माझा आग्रह आहे. त्याने तीस-चाळीस मुलांची जागा कमी होते, हे मला मान्य आहे.

आता बार प्रत्यक्ष हलविण्याची वेळ. येथे यंत्रापेक्षा भाषा अधिक घात करते. आपल्याकडे दोर धरणाऱ्यांना ‘ओढ’ आणि ‘सोड’ असे सांगतात. गोंगाटात, ढोलकीच्या तालमीत, पत्र्यावर पाऊस वाजत असताना हे दोन शब्द एकमेकांसारखे ऐकू येतात आणि त्यांचे अर्थ मात्र उलटे आहेत. त्यातही ‘सोड’ म्हणजे हळूहळू उतरव, की हातातून सोडून दे? मराठीत दोन्ही अर्थ होतात. म्हणून हे दोन्ही शब्द रंगमंचावर वर्ज्य करावेत. तीनच आज्ञा असाव्यात : ‘वर’, ‘खाली’ आणि ‘थांब’. पहिल्या दोन आज्ञा एकाच माणसाने द्यायच्या, आणि विंचवाल्याने त्या मोठ्याने परत उच्चारून मगच मूठ फिरवायची. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो. पहिलीतले मूल म्हणाले तरी थांबायचे, आणि का म्हणाले ते नंतर विचारायचे. चूक निघाली तरी रागवायचे नाही, नाहीतर पुढच्या वेळी खरे संकट दिसूनही ते मूल गप्प बसेल.

बार हलण्यापूर्वी आज्ञा देणारा ‘बार खाली येतोय’ किंवा ‘बार वर जातोय’ असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतो, रंगमंच रिकामा होतो, विंगेतली नाचाच्या वेशातली मुले बाहेर नेली जातात, आणि मगच काम सुरू होते. बार जाताना पडदे, झालरी, मागचे चित्र यांत अडकतो का, हे पाहायला एक माणूस दूर, प्रेक्षागृहाच्या मध्यावर उभा हवा. विंचेजवळून ते दिसत नाही. केबल बारबरोबर वर-खाली जाईल इतकी मोकळी हवी, पण तिचे ओझे जोडावर येऊ नये म्हणून ती बारलाच बांधलेली हवी. केबल धरून बार सरळ करणारे महाभाग मी पाहिले आहेत. बार पोचला की विंचेला कुलूप, आणि किल्ली जबाबदार शिक्षकाच्या खिशात. कार्यक्रम चालू असताना बार हलवायचा नाही. शाळेच्या नाटकात बार हलवावा लागेल असा प्रसंग लेखकाने लिहिलाच असेल तर तो बदलून घ्यावा.

उतरविण्याची घाई ही चढविण्याच्या घाईपेक्षा वाईट. कार्यक्रम रात्री उशिरा संपतो, मंडपवाल्याची गाडी उभी असते, पाहुणे जेवायला बसलेले असतात. हॅलोजनचे दिवे बंद केल्यानंतरही बराच वेळ तापलेले असतात. निदान वीस मिनिटे ते तसेच ठेवावेत. मुख्य स्वीच बंद करून त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. आणि येथे तो विजेचा खोळंबा आडवा येतो. वीज गेली की सारे जण हातातले काम टाकून इकडेतिकडे जातात, आणि ती परत येते तेव्हा स्वीच चालूच राहिलेले असतात. अंधारात बार अर्धवट उंचीवर ठेवून कोणीही जागा सोडू नये. वीज गेली, तर प्रथम मुख्य स्वीच बंद, मग टॉर्च, मग बाकीचे.

विजेचा भारही मोजायला हवा. एक किलोवॅटचे आठ हॅलोजन दिवे एकदम लावले तर २३० व्होल्टवर सुमारे ३५ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो. शाळेच्या साध्या वायरिंगला तो झेपणारा नाही. त्याच जागी आठ एलईडी पार लावले तर एकूण भार हजार-बाराशे वॅटच्या घरात, म्हणजे पाच अँपिअरच्या आसपास राहतो. दिवे तापतातही कमी. नवे घ्यायचे असतील तर एलईडीच घ्यावेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. बार लोखंडी आहे, म्हणून त्याला अर्थिंग हवे, आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी हवा.

आग हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण दिव्यांच्या संदर्भात तीन घटना आठवणे भाग आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात दुपारच्या खेळाच्या वेळी एका आर्क दिव्याने पडद्याने पेट घेतला. आग अडविणारा पडदा खाली सोडला, तो वाटेत पुढे आलेल्या प्रकाशसाधनात अडकला आणि अर्ध्यावरच राहिला. सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यांत सुट्टीतली मुले पुष्कळ. आपल्या देशात २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्याच वार्षिक समारंभात कृत्रिम कापडाचा मंडप पेटला आणि चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले. ज्या राजाने माणगाव परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व ओळखून ते जाहीर केले, त्याने रयतेसाठी बांधलेली ती वास्तू एका रात्रीत गेली, याचे दुःख इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला आजही आहे. आपल्या पुरते पाहायचे तर दिवा आणि पडदा यांत हातभराहून कमी अंतर कधीही नसावे, आणि बार वर नेल्यावर झालर दिव्याला टेकली नाही ना, हे खालून टॉर्चने पाहावे.

आता एक कायद्याची गोष्ट. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि कामगार हे दोन्ही विषय त्यांच्याकडे होते. कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी कारखाना कायद्यातील दुरुस्ती १९४६ मधली. पुढे १९४८ चा कारखाना अधिनियम आला. त्याच्या कलम २९ नुसार वजन उचलणारे प्रत्येक यंत्र, साखळी, दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदा जाणकार व्यक्तीकडून कसून तपासणी होणे आवश्यक होते, आणि किती भार सुरक्षित आहे ते त्यावर स्पष्ट लिहिणेही आवश्यक होते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याला हे बंधनकारक होते. शाळा कारखाना नाही, म्हणून शाळेतील बारला हे कलम लागू होत नव्हते. म्हणजे बाप कामावर ज्या चेन ब्लॉकखाली उभा राहतो त्याची दरवर्षी तपासणी होते, आणि त्याचे मूल ज्या बारखाली नाचते त्याची कोणी विचारपूस करीत नाही. आपण ते कलम स्वेच्छेने स्वतःला लावून घ्यावे, असा प्रस्ताव मी संस्थेच्या बैठकीत मांडणार आहे. आपले कितीतरी माजी विद्यार्थी मुरबाड आणि आसनगाव परिसरात फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून काम करतात. वायर रोपचा तुटलेला एक धागा त्यांना बोटाच्या स्पर्शाने कळतो. मला चष्मा लावूनही दिसत नाही.

शिडीवर चढतो कोण, हा प्रश्न मला या सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निवासी शाळेत मुले चोवीस तास हाताशी असतात. त्यांतली काही डोंगरपाड्यांवर वाढलेली, जांभळाच्या शेंड्यापर्यंत सरसर चढणारी. काही अडले की सहज हाक जाते, ‘अरे, त्याला बोलवा, तो चढेल.’ ज्याला हाक जाते तो बहुधा घरून कोणी चौकशी करायला न येणारा मुलगा असतो. शहरातल्या, फी भरणाऱ्या शाळेत कोणी पालकाच्या देखत मुलाला अशा उंचीवर चढविणार नाही. बत्ती धरणाऱ्याचे नाव लिहून ठेवले गेले नाही, असे मी वर म्हटले. आपल्या शाळेत तरी त्या परंपरेला जागा नसावी. विद्यार्थ्याने चढायचे नाही, बारखाली उभे राहायचे नाही, विंच फिरवायची नाही. मंडपवाल्याबरोबर आलेल्या पोरालाही हाच नियम. तो आपल्या पटावर नाही, एवढ्याने त्याचे डोके कमी मोलाचे ठरत नाही. मुलांनी शिकावे, जरूर शिकावे : जमिनीवर बार ठेवून दिवे बसविणे, साखळ्या मोजणे, कोनमापकाने कोन लावणे, डिमर चालविणे, आज्ञांचा क्रम पाठ करणे. मुलींनीही. विजेचे काम मुलांचे आणि रांगोळी मुलींची, ही वाटणी आपल्याकडे नको.

राहिली पावसाळ्यानंतरची तपासणी. शहापूर-मुरबाडचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या सभागृहात कप्प्या गंजतात, उंदीर केबल कुरतडतात, आणि दिव्यांच्या पोटात कुंभारीण माशी मातीची घरटी करते. कधी गांधीलमाशाही सापडतात, आणि शिडीवरच्या माणसाला त्या चावल्या तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून ऑक्टोबरमध्ये, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाआधी, बार पूर्ण खाली घ्यावा. प्रत्येक दिवा काढून झटकावा. वायर रोप कापडाने पुसत जावा; कापड जेथे अडकेल तेथे धागा तुटलेला आहे असे समजावे, आणि ती वायर बदलावी. मग रिकामा बार वर-खाली करून पाहावा, नंतर दिव्यांऐवजी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधून तो थोडा उचलावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी तो ज्या उंचीवर ठेवला होता तेथेच असेल, तर दिवे चढवावेत. या सर्वांची नोंद वहीत करावी : तारीख, कोणी तपासले, काय बदलले, सही. मुख्याध्यापकांच्या कपाटात हजेरीपटाच्या शेजारी ही वही ठेवलेली आहे, आणि स्नेहसंमेलनाला येणाऱ्या कोणत्याही पालकाला ती मागून पाहता येईल.